‘तिला शेवटी आठवतं का गं?’

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारची जेवणं आटोपून घरातली मंडळी आडवी झाली होती. मी आणि माझी आतेबहीण पंख्याखाली वर्षाचे गहू निवडत बसलो होतो. ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. हात सुपात आणि गप्पा गावभरच्या. बोलता बोलता मी तिला नुकत्याच वाचलेल्या एका इंग्रजी कादंबरीची गोष्ट सांगायला लागले. लंडनला रोज आगगाडीने जाणारी एक घटस्फोटित बाई, गाडीच्या खिडकीतून तिला दिसणारं एक सुखी जोडपं, आणि एक दिवस त्यातली बायको बेपत्ता होते! ‘त्या रात्री ही बाई तिथेच होती, पण काय झालं ते तिला आठवतच नाही,’ इथपर्यंत मी आले आणि पाणी प्यायला उठले.

दुसरं कोणी असतं तर विचारलं असतं, ‘मग त्या बायकोचं काय झालं? कोणी केलं?’ ताईनं सूप खाली ठेवलं आणि विचारलं, ‘तिला शेवटी आठवतं का गं?’

ताईनं हाच प्रश्न का विचारला, ते सांगतेच. पण त्याआधी थोडं या कादंबऱ्यांविषयी.

लहानपणी आमच्या घरात पुस्तकांची सरळ वाटणी होती. बाबांकडे रहस्यकथा, आईकडे कौटुंबिक कादंबऱ्या. बाबा म्हणजे बाबूराव अर्नाळकरांचे भक्त. झुंजार आणि काळापहाड ही नावं आमच्याकडे नातेवाइकांसारखी घेतली जायची. आईच्या पुस्तकांत प्रेम, लग्न, सासर, विरह आणि पोटभर रडणं. बाबांच्या पुस्तकांत बायका कमी आणि पिस्तुलं जास्त, आईच्या पुस्तकांत पिस्तूल औषधालाही नाही. मी दोन्ही चोरून वाचायची.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत गाजलेल्या काही परदेशी कादंबऱ्या वाचताना मला वाटतं, कोणीतरी आईचं आणि बाबांचं कपाट एक करून टाकलंय. त्यांत प्रेम आहे, कोणी गमावल्याचं दुःख आहे आणि रात्री झोप लागू न देणारं रहस्यही आहे. पण इथे गुन्ह्याची मुळं अंधाऱ्या बोळात नसतात, ती घरात असतात. शोध घ्यायला बाहेरून कोणी हुशार गुप्तहेर येईलच असंही नाही. शोध घेते ती बहुतेक वेळा एक साधी बाई, जिच्यावर कोणाचा विश्वास नसतो. कधी कधी तिचा स्वतःचासुद्धा नसतो!

तशी ही तऱ्हा अगदीच नवी नाही. डॅफ्ने द्यू मॉरिए या इंग्रज लेखिकेची ‘रेबेका’ १९३८ साली आली. श्रीमंत विधुराशी लग्न करून मोठ्या वाड्यात आलेली एक बुजरी मुलगी, आणि त्या घरात जिथेतिथे पहिल्या बायकोची सावली. गंमत म्हणजे पहिलीचं नाव पुस्तकाच्या मुखपृष्ठावर, आणि गोष्ट सांगणाऱ्या दुसरीचं नाव अख्ख्या कादंबरीत नाही. हिचकॉकनं १९४० साली त्यावर सिनेमा काढला. पण आपल्याला जवळचा म्हणजे १९६४ चा ‘कोहरा’. वहिदा रेहमान, विश्वजीत, हेमंतकुमारांचं संगीत, आणि त्या घरातल्या दाईच्या भूमिकेत आपल्या ललिता पवार. लहानपणी टीव्हीवर तो पाहताना ललिताबाईंची नजर बघून मी आईच्या पदराआड तोंड लपवलं होतं.

त्याच १९३८ साली इंग्लंडमध्ये पॅट्रिक हॅमिल्टन यांचं ‘गॅस लाइट’ हे नाटक आलं. त्यावरचा १९४४ चा हॉलिवूडचा सिनेमा जास्त गाजला. त्यातल्या भूमिकेसाठी इन्ग्रिड बर्गमनला ऑस्कर मिळालं. त्यात नवरा घरातल्या वस्तू हळूच लपवतो आणि बायकोला म्हणतो, तूच विसरलीस. दडवलेल्या दागिन्यांच्या शोधात तो बंद असलेल्या वरच्या मजल्यावर जाऊन दिवे लावतो, त्यामुळे खालच्या खोलीतला गॅसचा दिवा मंद होतो. बायकोला ते दिसतं. पण तिला पटवलं जातं, की हा सगळा तुझ्या मनाचा खेळ आहे. यावरूनच इंग्रजीत ‘गॅसलायटिंग’ हा शब्द रूढ झाला. मेरियम-वेबस्टर या शब्दकोशानं २०२२ सालचा शब्द म्हणून त्याचीच निवड केली होती. म्हणजे बघा, शब्द जुना, पण दुखणं अजून ताजं!

मी ताईला सांगत होते ती कादंबरी म्हणजे पॉला हॉकिन्स यांची ‘द गर्ल ऑन द ट्रेन’. २०१५ साली आलेली. लेखिका आधी पत्रकार होत्या. यातली रेचल दारूच्या आहारी गेली आहे. मूल होत नाही या दुःखात तिचा संसार मोडला. नोकरीही सुटली आहे, पण कोणाला कळू नये म्हणून ती रोज सकाळी त्याच गाडीत बसते! मी शब्दकोश शेजारी ठेवून महिनाभर हे पुस्तक वाचत होते. खरं सांगू? पहिली पन्नास पानं मला या बाईचा रागच आला. ‘असं काय वागायचं?’ असं मनात येत राहिलं. मग हळूहळू लक्षात आलं, की तिच्याबद्दलचं आपलं मत तिच्याविषयी दुसऱ्यांनी जे सांगितलं त्यावरून झालंय. तिचं स्वतःचंही तसंच झालंय.

आणि तिथेच मला ताई आठवली.

ताईचं लग्न झालं तेव्हा मी शाळेत होते. स्थळ चांगलं, भावोजी शांत स्वभावाचे. त्यांनी कधी हात उगारला नाही की आवाज चढवला नाही. लग्नानंतर चार-पाच वर्षांनी ताईच्या माहेरच्या पाटल्या सापडेनाशा झाल्या. सगळं घर शोधलं, पिठाचे डबेसुद्धा उपसले. भावोजी म्हणाले, ‘नीट आठव, कुठे ठेवल्यास?’ तिला एवढंच आठवत होतं, की कपाटातल्या लाल डबीत ठेवल्या होत्या. डबी होती, पाटल्या नव्हत्या. शेवटी संशय धुणंभांडी करणाऱ्या मावशींवर गेला आणि त्यांचं काम सुटलं. दोन वर्षांनी वज्रटीक तशीच गेली. तेव्हा भावोजी समजुतीच्या सुरात म्हणाले, ‘होतं असं. तू मनाला लावून घेऊ नकोस. यापुढे किल्ल्या माझ्याकडे देत जा.’

किल्ल्या गेल्या. मग बँकेचं पुस्तक गेलं, मग घरखर्चाचे पैसे. ताई गॅस बंद केला का ते तीनतीनदा बघायला लागली. एकटीनं बाजारात जायचं तिनं सोडलं. आणि आम्ही माहेरची माणसं? आम्ही हसायचो! ‘ताईला सांगू नका, ती विसरेल,’ हा आमच्याकडचा ठरलेला विनोद होता. त्या हसण्यात मीही होते. मी आठवड्यातले दोन दिवस तालुक्याच्या समुपदेशन केंद्रात बसते. ‘ते मारत नाहीत हो, पण मलाच काही कळेनासं झालंय,’ असं सांगणाऱ्या किती तरी जणींचं ऐकून घेते. पण आमच्या ताईचं कधी ऐकलं नाही.

सहा वर्षांपूर्वी भावोजी हृदयविकारानं गेले. पेन्शनची कागदपत्रं शोधताना त्यांच्या ट्रंकेच्या तळाशी सराफाकडच्या दोन पावत्या निघाल्या. पाटल्या गहाण, वज्रटीक गहाण. तारखा त्याच दिवसांच्या आसपासच्या. सोडवलेलं काहीच नव्हतं. भाचा संतापला. ताई मात्र त्या पावत्या हातात धरून बराच वेळ बसून राहिली. मग एवढंच म्हणाली, ‘म्हणजे मी विसरले नव्हते.’

आणि मग रडली. सोन्यासाठी नाही. तीस वर्षांच्या संसारात ज्याच्यावर जीव लावला त्याच्यासाठी रडली, आणि स्वतःसाठीही. प्रेम, वियोग आणि रहस्य एकत्र असलेली कादंबरी आमच्याच घरात इतकी वर्षं चालू होती, आणि आम्हाला पत्ता नव्हता.

आता कळलं ना, ताईनं तो प्रश्न का विचारला? ‘खून कोणी केला’ हे कोडं पोलिसांचं. ‘तिला आठवतं का’ हे कोडं ताईचं होतं.

त्या दुपारनंतर आमचा परिपाठच झाला. मी वाचायचं आणि ताईला सांगायचं. डीलिया ओवेन्स यांची ‘व्हेअर द क्रॉडॅड्स सिंग’ ही २०१८ ची कादंबरी तिला फार भिडली. लेखिका वन्यजीवांच्या अभ्यासक. ही त्यांची पहिली कादंबरी आली तेव्हा त्या सत्तरीला टेकल्या होत्या! अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनाच्या दलदलीत राहणारी काया ही मुलगी. सहा वर्षांची असताना आई बॅग घेऊन निघून जाते. मग भावंडं जातात, बापही जातो. पुढे टेट तिला वाचायला शिकवतो, तिच्यावर प्रेम करतो. परत येईन म्हणतो आणि येत नाही. गावातला एक तरुण मेलेला सापडतो तेव्हा गावाचं बोट हिच्याकडेच वळतं. तिच्याविषयी कोणालाच काही माहीत नाही, पण मत मात्र प्रत्येकाकडे आहे. हे ऐकताना ताई मध्येच म्हणाली, ‘आमच्या मावशींचंही असंच झालं नाही का गं?’

मग मला कळलं, की पावत्या सापडल्यावर ताई त्या मावशींचं घर शोधत गेली होती. त्यांचे पाय धरायला वाकली. मावशींनी चहा केला आणि म्हणाल्या, ‘मी घेतलं नव्हतं हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तुम्हाला आज कळलं.’ यावर काय बोलणार?

बाई म्हणेल ते सगळं खरंच मानायचं, असंही मी म्हणत नाही. गिलियन फ्लिन यांची २०१२ सालची ‘गॉन गर्ल’ वाचून पाहा. लग्नाच्या पाचव्या वाढदिवशी बायको गायब होते. आपण तिची रोजनिशी वाचत जातो, नवऱ्यावर दात खात जातो, आणि पुस्तक मध्यावर आलं की पायाखालची जमीनच सरकते! पुढचं सांगत नाही. मुद्दा एवढाच, की चांगली रहस्यकादंबरी आपल्याला निवाडा करण्याची घाई करू देत नाही. नवऱ्याचं ऐकून बायकोला वेंधळी ठरवायचं नाही, बायकोचं ऐकून मोलकरणीला चोर ठरवायचं नाही. आधी ऐकायचं, मग तपासायचं. केंद्रात कामाला लागले तेव्हा आम्हाला हेच शिकवलं होतं. घरात वापरायचं राहून गेलं.

जाता जाता कामाची एक गोष्ट. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात छळ म्हणजे फक्त मारहाण नव्हे. मानसिक आणि आर्थिक छळही त्यात येतो. बाईच्या स्त्रीधनाची परस्पर विल्हेवाट लावणंसुद्धा येतं. तक्रार करायची की नाही हा निर्णय जिचा तिचा. पण आपल्याला जे सोसावं लागतंय त्याला नाव आहे, हे कळण्यानंही खूप बळ येतं. म्हणून दागिन्यांच्या आणि बँकेच्या कागदांची एक प्रत स्वतःजवळ ठेवा. आणि ‘मला असं आठवतंय’ हे तारीख घालून वहीत लिहून ठेवा.

ताईचा एक प्रश्न मात्र अजून तसाच आहे. ‘ह्यांनी कशासाठी केलं असेल गं?’ व्यसन नव्हतं, कोणाचं देणंही निघालं नाही. विचारायला माणूस उरलं नाही. तेव्हा मी तिला सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्ल्यू’ वाचायला दिली. २००६ साली आलेली ही मराठी कादंबरी, त्यामुळे तिची तिलाच वाचता आली. पुण्यातल्या एका घरात राहायला आलेला पाहुणा. भाऊ आणि बहीण, दोघांचाही त्याच्यावर जीव जडतो, आणि तो निघून जातो. का गेला, कोण होता, याचं सरळ उत्तर नाही. त्याचं नावसुद्धा कळत नाही. पुस्तक परत देताना ताई म्हणाली, ‘काही माणसं अशीच जातात. आपण आपलं आठवायचं.’

आणि हो, त्या दुपारी मी तिला काय उत्तर दिलं ते राहिलंच. लेखिकेची माफी मागून शेवट थोडासा फोडते. मी म्हटलं, ‘हो ताई, आठवतं तिला.’

‘मग बरं झालं,’ ताई म्हणाली आणि तिनं सूप पुन्हा हातात घेतलं.