कचरा : उंबरठ्याच्या आतील जबाबदारी

फेब्रुवारी 2018 मध्ये नारेगाव परिसरातील ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडविल्या आणि आपल्या शहराच्या चौकाचौकांत ढीग साचले. अनेक वर्षे शहराचा कचरा त्यांच्या शिवारात पडत होता. विहिरींचे पाणी नासले, अशी त्यांची तक्रार होती. मार्चमध्ये मिटमिट्यात संघर्ष पेटला. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने नारेगावात कचरा टाकण्यास मनाई केली. आपण ज्याला ‘टाकून देणे’ म्हणतो, ते दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवणे असते, हे त्या दिवसांनी आम्हांस शिकविले.

खरा दोष कचरा एकत्र करण्यात आहे. भाजीची देठे व उरलेले अन्न ढिगाखाली हवेवाचून कुजले, की मिथेन वायू आणि काळे दूषित पाणी निर्माण होते. तेच हवेशीर कुजले, की खत होते. खरकट्यात भिजलेला कागद भंगारातही जात नाही. शिवाय तो निवडण्यासाठी कोणाला तरी त्यात हात घालावा लागतो. ते काम पिढ्यान्‌पिढ्या कोणावर लादले गेले, हे आपल्या समाजास सांगावयास नको. म्हणून घरीच कचरा वेगळा करणे, हे आम्ही समतेचे आचरण मानतो.

घनकचरा व्यवस्थापन नियम, 2016 यांनी ओला, सुका व घरगुती घातक असे तीन भाग सांगितले. सुका कचरा कोरडा ठेवावा. जुने सेल, दिवे व मुदत संपलेली औषधे निराळी द्यावीत. ओल्यासाठी भोके पाडलेला जुना माठ पुरेसा आहे. तळाशी पालापाचोळा, त्यावर बारीक चिरलेला ओला कचरा, पुन्हा पालापाचोळा असे थर द्यावेत. विरजण म्हणून मूठभर जुने खत किंवा थोडे आंबट ताक घालावे. आठवड्यातून एकदा ढवळावे. वास आला, तर ओल अधिक झाली असे समजून पालापाचोळा वाढवावा. उन्हाळ्यात सुकल्यास पाणी शिंपडावे. सुमारे दोन महिन्यांत मातीच्या वासाचे काळे खत तयार होते.

चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. राण्यांनी दान दिलेल्या पाचशे चीवरांचे काय करणार, असे राजा उदेनाने भदन्त आनंदांना विचारले. जीर्ण चीवरांची पांघरुणे, त्यांची गादीची आवरणे, पुढे पायपुसणी, झटकणी आणि अखेरीस चिंध्या चिखलात कालवून जमिनीचा गिलावा, असा क्रम त्यांनी सांगितला. काहीही वाया गेले नाही.

माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी आपल्या घरी एक माठ मांडावा, एवढीच या स्मरणिकेच्या निमित्ताने आमची नम्र विनंती.