‘सीआरपी बढ़ा हुआ है’

पावसाळ्यात तिरल्याहून एखादं मूल ताप-खोकल्यानं बेजार होऊन मध्य प्रदेशातल्या धारला आणलं जातं, छातीच्या फोटोत पांढरा डाग दिसतो आणि डॉक्टर म्हणतात, ‘सीआरपी बढ़ा हुआ है.’ धारमधल्या जुन्या मराठी घरांतही हे वाक्य असं हिंदीतूनच कानावर पडतं. आई-बाप मान डोलावतात. पण वाढला म्हणजे नेमकं काय झालं?

न्यूमोनिया जिवाणूचा असेल तर अँटिबायोटिकनं मूल वाचतं. विषाणूचा असेल तर त्या औषधाचा उपयोग नाही. फोटोवरून हा भेद खात्रीनं होत नाही. लहान मूल कफ थुंकत नाही, गिळून टाकतं. न्यूमोनिया झालेल्या बहुतेक मुलांच्या रक्तातही जिवाणू सापडत नाहीत. म्हणून जंतू शोधण्याऐवजी, शरीरानं त्याला काय उत्तर दिलं ते रक्तात पाहायचं.

सीआरपी, म्हणजे सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन, ही त्यातली जुनी खूण. 1930 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना ती न्यूमोनियाच्याच रुग्णांत आढळली. दाह सुरू झाला की पेशी इंटरल्युकिन-6 सोडतात. तो निरोप पोचताच यकृत सीआरपी बनवू लागतं. आकडा सहा-आठ तासांत चढू लागतो आणि शिखर गाठायला साधारण दोन दिवस घेतो. त्यामुळे ताप आल्या आल्या रक्त दिलं तर रिपोर्ट साळसूद दिसू शकतो. एरवी लिटरमागे 10 मिलिग्रॅमच्या आत असणारा आकडा जिवाणूच्या न्यूमोनियात अनेकदा शंभरापुढे जातो. मधला पट्टा घोळाचा. अ‍ॅडिनोव्हायरसही सीआरपी चांगलाच चढवतो. (काही लॅब डेसिलिटरचा हिशोब देतात. त्यांचा 4 म्हणजे लिटरच्या हिशोबात 40. आधी एकक पाहावं.)

रक्तातली दुसरी खूण प्रोकॅल्सिटोनिन. त्याची गंमत वेगळी. एरवी ते थायरॉइडमध्ये कॅल्सिटोनिन या संप्रेरकाचा कच्चा माल म्हणून तयार होतं आणि रक्तात जवळजवळ दिसत नाही. जिवाणूंचा मोठा हल्ला झाला की इतर अवयवांच्या पेशीही ते बनवू लागतात. त्याचं संप्रेरक करण्याची सोय त्यांच्याकडे नसते, म्हणून कच्चा मालच रक्तात उतरतो. विषाणूशी लढताना शरीर इंटरफेरॉन गॅमा सोडतं आणि तो या उत्पादनाला लगाम घालतो. मिलिलिटरमागे 0.1 नॅनोग्रॅमहून कमी असेल तर जिवाणूची शक्यता कमी, 0.25 च्या वर ती वाढत जाते. मायकोप्लाझ्मासारखा जिवाणू मात्र हा आकडा फारसा न हलवताही न्यूमोनिया करतो. म्हणूनच 2019 च्या अमेरिकन मार्गदर्शिकेनं मोठ्या माणसांबाबत सांगितलं, की लक्षणं आणि फोटो न्यूमोनिया दाखवत असतील तर प्रोकॅल्सिटोनिन कमी आहे एवढ्यावर अँटिबायोटिक अडवू नका.

आपल्याकडे आणखी एक पेच आहे. मलेरिया हे दोन्ही आकडे चढवतो. धारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलही आहे. त्या रुग्णाच्या छातीतली गुंतागुंत फोटोत न्यूमोनियासारखीच दिसते, सीआरपीही वाढलेला असतो. इथे मलेरियाची पट्टी आणि सिकलसेलची चाचणी यांच्या शेजारी ठेवूनच तो आकडा वाचावा लागतो.

आणि जिथे लॅबच नाही तिथे? गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या आरोग्यसेवकांना आणि सुइणींना श्वास मोजायला शिकवलं. वर्षाच्या आतलं बाळ मिनिटाला पन्नास किंवा त्याहून जास्त वेळा श्वास घेत असेल तर न्यूमोनिया धरायचा; दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मर्यादा साठाची. जिवाणू की विषाणू हे विचारत न बसता औषध सुरू करायचं. 1990 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे काम छापून आलं, तेव्हा असे उपचार झालेल्या 612 मुलांत मृत्यूचं प्रमाण 0.8 टक्के होतं. माझ्या मते खेड्यात पहिला मान आजही या मोजणीचाच. रक्ताचा उपयोग त्यानंतर, मुख्यतः औषध थांबवताना.

कारण एका आकड्यापेक्षा दोन आकड्यांमधला फरक जास्त बोलका असतो. औषध लागू पडलं की प्रोकॅल्सिटोनिन रोज जवळपास निम्मं होत जातं. मूल खायला मागू लागलं, श्वास संथ झाला आणि तिसऱ्या दिवशीचा आकडा पहिल्याच्या पाव भागावर आला, तर अँटिबायोटिक किती दिवस चालू ठेवायचं हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारावा.