मागे राहिलेल्यांचा हक्क

‘गेलेला माणूस परत येणार आहे का?’ अपघाती मृत्यू झालेल्या घरात तिसऱ्या-चौथ्या दिवशी हे वाक्य हमखास ऐकू येतं. बोलणारा वडीलधारा असतो आणि त्याच्या मनात कळवळाच असतो. विधवेनं, म्हाताऱ्या आईबापांनी कोर्टकचेरीच्या फेऱ्यात पडू नये, एवढंच त्याला सुचवायचं असतं. पण त्या एका वाक्यापायी कितीतरी घरं आपला कायदेशीर हक्क सोडून देतात. मित्रहो, मी वकील नाही, कविता लिहिणारा माणूस आहे. परंतु नात्यातल्या एका मृत्यूनंतर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाच्या बाकावर बसण्याची वेळ आली. तिथं जे कळलं आणि पुढं वाचून पडताळलं, ते आज आपल्याला सांगतो.

दुसऱ्याच्या चुकीनं माणूस दगावला की कायद्याच्या दोन वाटा सुरू होतात. पहिली फौजदारी. हयगयीनं मृत्यूला कारण झाल्याबद्दल पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम 304-अ लागायचं, शिक्षा 2 वर्षांपर्यंत. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 106 लागतं आणि शिक्षा 5 वर्षांपर्यंत होऊ शकते. हा खटला सरकार चालवतं. दुसरी वाट नुकसानभरपाईची. ती कुटुंबानं स्वतः चालायची असते.

पहिल्या खटल्याचा निकाल लागल्याशिवाय दुसरीकडे जाता येत नाही, असा सार्वत्रिक समज आहे. तो चुकीचा आहे. फौजदारी खटल्यात गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. भरपाईच्या दाव्यात कोणत्या बाजूचं म्हणणं अधिक संभवनीय आहे, एवढं पाहतात. म्हणून चालक निर्दोष सुटला तरी त्याच अपघातात कुटुंबाला भरपाई मिळू शकते.

सगळ्यात जास्त घरांवर येणारा प्रसंग रस्त्यावरच्या अपघाताचा, म्हणून तो जरा सविस्तर पाहू. मोटार वाहन कायदा, 1988 प्रमाणे दावा न्यायाधिकरणात दाखल करायचा. अपघात नागपूरजवळ झाला आणि कुटुंब सांगलीला राहत असेल, तर सांगलीलाच अर्ज करता येतो. सोबत एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, मृत्यूचा दाखला, गाडीचे व विम्याचे तपशील, मृताच्या वयाचा आणि कमाईचा पुरावा लागतो. 2022 च्या नियमांनुसार पोलिसांनी 48 तासांत पहिला अपघात अहवाल आणि 90 दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. कुटुंबाला त्याच्या हक्कांची माहिती देणारा फॉर्मही पोलिसांनीच द्यायचा असतो. तो मागून घ्यावा.

आता मुदतीचं. 1 एप्रिल 2022 पासून अर्जाला अपघातापासून 6 महिन्यांची मर्यादा आली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आणि नोव्हेंबर 2025 मध्ये न्यायालयानं, केवळ मुदत उलटली म्हणून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश दिला. पण अंतरिम आदेशाच्या भरवशावर कुणी बसून राहू नये. आमच्याकडे नवरा गेल्यावर बाई 4 महिने 10 दिवस इद्दतीत असते. सहा महिन्यांतला मोठा भाग तिथंच संपतो. अनेक हिंदू घरांतही वर्षश्राद्धापर्यंत ती फारशी बाहेर पडत नाही. रिवाज मोडायची गरज नाही. वकिलाला घरी बोलावून वकीलपत्रावर सही देता येते आणि अर्ज वेळेत जातो.

माझ्या नात्यातल्या त्या बहिणीचा नवरा टेम्पो चालवायचा. वकिलाचं नाव काढताच ती म्हणाली, ‘भाईजान, त्यांच्या जिवाचे पैसे घेऊन मी घास कसा गिळू?’ या प्रश्नाला उपदेशानं उत्तर देता येत नाही. मात्र रक्कम कशी ठरते, ते समजल्यावर तिचं तिलाच उत्तर सापडलं.

सर्वोच्च न्यायालयानं 2009 मध्ये सरला वर्मा आणि 2017 मध्ये प्रणय सेठी या निकालांत त्याची रीत घालून दिली आहे. समजा, स्वतःचा धंदा करणारा 32 वर्षांचा माणूस गेला. कमाई महिना 15,000 रुपये. मागे बायको, दोन मुलं आणि आई. तो जगला असता तर कमाई वाढली असती, म्हणून 40 टक्के मिळवायचे. झाले 21,000. त्यातला काही पैसा तो स्वतःवर खर्च करता. घरात चार अवलंबित असल्यानं त्यापोटी चौथा हिस्सा वजा. उरले 15,750, म्हणजे वर्षाचे 1,89,000. या वयाला गुणक 16. गुणाकार येतो 30,24,000. याशिवाय अंत्यविधीचा खर्च, पती-पिता-पुत्राच्या सहवासाला मुकणं, अशा बाबींच्या ठरावीक रकमा वेगळ्या. साधारणतः अर्जाच्या तारखेपासून व्याजही मिळतं.

या हिशेबात जिवाची किंमत कुठं आली? त्याचा स्वतःचा वाटा तर वजाच केला. उरलं ते, तो रोज संध्याकाळी घरी घेऊन आला असता ते. कायदा त्याची भाकरी मोजतो, त्याचं रक्त मोजत नाही. बहिणीनं कागदावरचे आकडे दोनदा वाचून घेतले आणि म्हणाली, ‘हे तर लेकरांचंच आहे.’ अज्ञान मुलांचा वाटा न्यायाधिकरण बहुधा बँकेत मुदत ठेवीत ठेवायला लावतं, हेही तिला बरं वाटलं.

गृहिणी गेली तर ‘ती कुठं कमवत होती?’ असं विचारायची सोय आता नाही. घरकामाचं आर्थिक मोल धरूनच भरपाई द्यावी, हे सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये पुन्हा ठासून सांगितलं. विधवेनं पुनर्विवाह केला म्हणून तिचा दावा बुडत नाही, असंही मुंबई उच्च न्यायालयानं 2023 मध्ये स्पष्ट केलं. चूक कुणाची हे सिद्ध करणं शक्य नसेल, तर कलम 164 खाली मृत्यूपोटी 5 लाखांची ठरीव रक्कम मागता येते. धडक देऊन गाडी पळून गेली आणि तिचा पत्ताच लागला नाही, तर सरकारी योजनेतून 2 लाख मिळतात. त्याचा अर्ज प्रांताधिकारी किंवा तहसील कार्यालयाकडे करायचा.

रस्त्याखेरीज इतर दारंही आहेत. लोकलच्या गर्दीतून पडून माणूस गेला, तर रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे 1 वर्षाच्या आत अर्ज करावा. आपल्या राज्यात त्याची पीठं मुंबईला आणि नागपूरला आहेत. 1 जानेवारी 2017 पासून मृत्यूची रक्कम 8 लाख आहे. मृताजवळ तिकीट सापडलं नाही, एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये सांगितलं. घरच्यांनी प्रवासाबद्दल प्रतिज्ञापत्र द्यावं. रूळ ओलांडताना झालेला मृत्यू मात्र या तरतुदीत सहसा बसत नाही.

कामावर असताना कामगार दगावला तर मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. हा मूळ कायदा 1923 चा. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेनं घेतली आहे. मृत्यूच्या बाबतीत ‘त्यानं पट्टा लावला नव्हता’ ही मालकाची सबब चालत नाही.

रुग्णालयातल्या हयगयीबद्दल ग्राहक आयोगाकडे 2 वर्षांत तक्रार करता येते. तिथं पहिला पुरावा केसपेपरचा. ते लेखी मागितल्यावर 72 तासांत द्यावेत, असा नियम 2002 पासून आहे. रुग्ण दगावला म्हणजे डॉक्टरांची हयगय झालीच, असं कायदा मानत नाही. बहुतेक प्रकरणांत त्याच विषयातल्या तज्ज्ञाचं मत लागतं.

खड्डा किंवा उघडं गटार जिवावर बेतलं, तर ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं मृताच्या वारसांना 6 लाख देण्याची व्यवस्था लावून दिली आहे. आणि जिथं कुठलाच खास कायदा लागू होत नाही, तिथं 1855 चा प्राणघातक अपघात कायदा आहेच. त्याखाली पती-पत्नी, आईवडील आणि मुलं यांच्यासाठी 2 वर्षांच्या आत दिवाणी दावा लावता येतो.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून कुणी थांबू नये. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं स्त्रिया आणि मुलांना, त्यांचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात या प्राधिकरणाचं कार्यालय असतं. 15100 हा त्याचा दूरध्वनी क्रमांक. इस्पितळाच्या दारात भेटणाऱ्या आणि कोऱ्या कागदावर अंगठा मागणाऱ्या दलालापासून मात्र चार हात लांब राहावं. गाडीमालकानं पुढं केलेल्या तडजोडीच्या कागदावर वाचल्याशिवाय सही करू नये. लोकअदालतीत तडजोड करताना आधी वर सांगितलेला हिशेब मांडून पाहावा, कारण तिथल्या निवाड्यावर अपील नसतं.

दुःखातल्या माणसाला या गोष्टी सुचत नाहीत, आणि त्यानं त्या सुचवून घ्याव्यात अशी अपेक्षाही करू नये. ते काम शेजाऱ्यापाजाऱ्यांचं आणि नातेवाइकांचं. आपण भेटायला जातो, दोन वेळचा डबा पोहोचवतो, मय्यतीला खांदा देतो. त्याच्या जोडीला घरातल्या एखाद्या कर्त्या माणसाला बाजूला घेऊन विचारावं, ‘एफआयआरची नक्कल घेतलीत का? चला, उद्या मी येतो तुमच्याबरोबर.’