राजपार्टाचा शिक्का

महाराष्ट्राच्या दक्षिण टोकाला, तेरेखोल खाडीच्या काठी वसलेले आरोंदा हे सावंतवाडी तालुक्यातील गाव गोव्याच्या पेडणे तालुक्याला लागून असल्यामुळे तेथील लोकजीवनावर दोन्ही बाजूंची छाया दिसते. परंतु जत्रेच्या रात्री देवळापुढे उभा राहणारा दशावतार मात्र खाडीच्या अलीकडे आणि पलीकडे एकाच ओढीने पाहिला जातो. या नाट्यप्रकाराला दक्षिण कोकणात ‘धयकालो’ म्हणजे दहीकाला असेही नाव आहे, कारण रात्रभर चाललेल्या खेळाची सांगता पहाटे दहीहंडीने होते. कार्तिकात जत्रांचा हंगाम सुरू झाला की नाटकमंडळ्या गणपतीचा मुखवटा आणि रंगसाहित्य ठेवलेला पेटारा घेऊन गावोगाव फिरतात. कलावंताला प्रेक्षकाने एकाच साच्यात पाहण्याचा आग्रह धरणे, ज्याला मराठीत ‘शिक्का बसणे’ असे म्हणतात आणि नाट्यव्यवसायात ‘टाइपकास्ट होणे’, त्याचा विचार बहुधा चित्रपटातील नटांपासून सुरू होतो. तो या देवळापुढच्या मांडापासून, म्हणजे खेळाच्या जागेपासून सुरू केला, तर प्रश्नाचे रूपच बदलते.

दशावतारात साचा ही कलावंताची अडचण नसून खेळाचे व्याकरण आहे. मंडळीतील नट ‘पार्टा’ने ओळखला जातो: राजपार्टी, खलपार्टी, स्त्रीपार्टी, ऋषिपार्टी. पार्ट या इंग्रजी शब्दाला ‘-ई’ प्रत्यय लावून कोकणाने त्याची अशी जातवारी करून टाकली, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने मुद्दाम नोंदवावी अशी आहे. खेळाचे दोन भाग असतात. ‘आडदशावतार’ या पूर्वरंगात गणपती, रिद्धी-सिद्धी, भटजी, सरस्वती, ब्रह्मदेव, वेद पळवणारा संकासुर आणि त्याचा वध करणारा विष्णू अशी ठरलेली पात्रे येतात. त्यानंतर येणाऱ्या उत्तररंगात पौराणिक कथेवरचे ‘आख्यान’ सादर होते. या आख्यानाला लिहिलेली संहिता नसते. कोणते कथानक लावायचे आणि प्रवेश कोणत्या क्रमाने घ्यायचे एवढे आधी ठरते, आणि संवाद नटाने त्या क्षणी, समोरच्या नटाचा सूर व प्रेक्षकांचा कल पाहून उभे करायचे असतात. एक बाकडे कधी सिंहासन होते, कधी पर्वत. पायपेटी, मृदंग आणि झांज यांच्या साथीवर राजा येतो, तेव्हा तो कसा चालेल, तलवार कशी फिरवेल आणि कोणत्या वळणाची भाषा बोलेल, हे प्रेक्षकाला आधीच माहीत असते.

आधीच माहीत असलेले पाहण्यासाठी माणसे रात्र का जागवतात, याचे उत्तर संहितेच्या अभावातच आहे. पात्राचा साचा पक्का असल्यामुळेच नटाला संवाद मोकळा सोडता येतो. प्रेक्षक ‘राजा कोण आहे’ हे शोधत बसत नाही. हा राजा आज त्या खलनायकाला कोणत्या युक्तिवादाने गप्प करतो, हे तो पाहतो. सोळाव्या शतकापासून इटलीत बहरलेल्या ‘कोमेदिया देल्लार्ते’ या प्रकारातही कंजूष म्हातारा पांतालोने आणि खट्याळ नोकर आर्लेक्किनो अशी कायमची पात्रे, ठरलेले मुखवटे आणि केवळ कथानकाचा आराखडा असे, आणि तेथेही नट बहुधा आयुष्यभर एकच पात्र रंगवीत असे. भारतीय नाट्यशास्त्राने नायकाचे धीरोदात्त, धीरललित, धीरोद्धत आणि धीरप्रशांत असे चार प्रकार सांगितले, त्यामागेही हीच समजूत आहे की प्रकार ठरला तर रसाला वाट सापडते. नेरूरचे राजपार्टी नट सुधीर कलिंगण यांना लोकांनी ‘लोकराजा’ म्हटले. हा शिक्का बसला म्हणून कोणी हळहळले नाही, कारण तो मिळवावा लागतो.

मात्र या व्याकरणात एक गोष्ट अशी दडलेली आहे, जिने पुढे मालवणी मुलखाच्या अंगावर मोठा शिक्का उमटवला. दशावतारातील राजे, ऋषी आणि देव संस्कृतप्रचुर, ग्रांथिक मराठी बोलतात. अंगभर काळा वेश चढवून, लाल जीभ लोंबवत येणारा संकासुर मात्र मालवणीत बोलतो, गावातल्या प्रतिष्ठितांच्या फिरक्या घेतो आणि हशा वसूल करतो. म्हणजे ज्या बोलीत प्रेक्षक घरी भांडतो, रडतो आणि सोयरीक जुळवतो, तीच बोली मांडावर आली की हसण्याची ठरते. देवळापुढे हे खटकत नाही, कारण हसणारा आणि हसवणारा एकाच बोलीचे असतात आणि संकासुराची बोचरी थट्टा ही गावाची स्वतःची असते.

हीच वाटणी मुंबईच्या रंगमंचावर गेली, तेव्हा तिचा अर्थ बदलला. गंगाराम गवाणकर यांचे ‘वस्त्रहरण’ १९८० मध्ये रंगभूमीवर आले. कोकणातल्या गावकऱ्यांनी द्रौपदीवस्त्रहरणाचे नाटक बसवायचे आणि त्या खटाटोपात पुराणाचा व गावाच्या भानगडींचा गोंधळ माजायचा, असा त्याचा घाट होता. दशावताराची पाहिलेली जत्रा त्याच्या पाठीशी स्पष्ट दिसते. मालवणजवळच्या रेवंडीचे मच्छिंद्र कांबळी यांनी त्यातील तात्या सरपंच अशा बेताने उभा केला की नाटकाचे पाच हजारांहून अधिक प्रयोग झाले, ते लंडनपर्यंत पोहोचले, आणि सुरुवातीला डळमळलेल्या या नाटकाला पु. ल. देशपांडे यांच्या जाहीर कौतुकाने मोठे बळ मिळाले. कांबळी यांनी मालवणी बोलीला व्यावसायिक रंगभूमीवर मान मिळवून दिला, ही गोष्ट निर्विवाद आहे. परंतु याच यशाने त्यांच्याभोवती आणि बोलीभोवतीही एक कुंपण घातले गेले: ‘पांडगो इलो रे बा इलो’सारख्या नाटकांनी ते कुंपण अधिकच पक्के केले, आणि मालवणी बोलणारा म्हणजे हसवणारा, हे समीकरण पुढे मालिकांतील नोकर-चाकरांपर्यंत उतरले. एका नटाला साच्यात बसवणे समजू शकते. एका बोलीला बसवणे अधिक गंभीर आहे, कारण तिच्यात जगणाऱ्यांना भूमिका नाकारण्याची सोय नसते. २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील आकेरीत चित्रित झालेली ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका आली, तेव्हा मालवणी प्रथमच घराघरांत भयाची भाषा म्हणून ऐकू आली. हास्याचा शिक्का थोडा पुसला गेला खरा, पण त्याच्या जागी भुताखेतांचा बसला.

शिक्का नेमका कोठे जड होतो, हे संगीत रंगभूमीवरील नट बालगंधर्वांच्या उदाहरणावरून अधिक स्पष्ट होते. स्त्रीभूमिकांनी त्यांना अफाट लोकप्रियता दिली. १९३५ मध्ये प्रभात कंपनीच्या ‘धर्मात्मा’ या व्ही. शांताराम दिग्दर्शित चित्रपटात त्यांनी संत एकनाथांची पुरुषभूमिका केली, परंतु ज्यांना गंधर्वांची नायिका पाहायची होती, त्यांना हा एकनाथ पुरेसा वाटला नाही. पुढे मीराबाईच्या चित्रपटात ते पुन्हा स्त्रीवेशात आले. दशावतारातील स्त्रीपार्टीची स्थिती यापेक्षा वेगळी असते. पहाटे रंग उतरवून तो शेतावर किंवा नोकरीवर जातो, गावही त्याला दिवसा त्याच्या नावाने हाक मारते आणि पुढच्या जत्रेत मंडळीला गरज पडली, तर तो दुसरा पार्टही उभा करतो. साचा पार्टाला चिकटलेला आहे, माणसाला नाही. बालगंधर्वांच्या बाबतीत तो नावालाच चिकटला होता, आणि तिकिटे नावावर विकली जात होती.

निळू फुले यांचे उदाहरण याच्या दुसऱ्या टोकाला आहे. राष्ट्र सेवा दलात घडलेला, अंधश्रद्धाविरोधी चळवळीत वावरणारा हा सौम्य माणूस पडद्यावरच्या गावगुंड पाटलामुळे खेड्यापाड्यांत भीतीने पाहिला जाई. लक्ष्मीकांत बेर्डे यांना तर शिक्क्याविषयीचाच चित्रपट मिळाला: जब्बार पटेल दिग्दर्शित आणि पु. ल. देशपांडे यांनी लिहिलेल्या ‘एक होता विदूषक’ (१९९२) मध्ये त्यांनी लोकांना हसवणाऱ्या तमासगिराची शोकांतिका रंगवली. आणि ज्यांना ‘लक्ष्या’चे, म्हणजे नेहमीच्या बेर्डे यांचे, विनोद हवे होते, त्या मोठ्या प्रेक्षकवर्गाने ती बाजूलाच ठेवली. पटकथेत जे दुःख लिहिले होते, तेच तिकीटखिडकीवर घडले, हा योगायोग पु. लं.ना रुचला असेल की नाही, सांगणे कठीण आहे. दिलीप प्रभावळकर हे याला अपवाद मानले जातात, परंतु चिमणरावाच्या भूमिकेपासून ‘हसवाफसवी’ नाटकातील सहा भूमिकांपर्यंत त्यांनी काय केले, तर बदलत राहणे हाच स्वतःचा साचा केला. प्रेक्षकाला त्यांच्याकडून नव्या चेहऱ्याचीच अपेक्षा राहिली, आणि तीही शेवटी अपेक्षाच होय. त्यांनीच २०२५ मध्ये आलेल्या ‘दशावतार’ या चित्रपटात कोकणातला दशावतारी नट साकारला.

लेखकांनी या पेचातून काढलेली वाट मुखवट्याची आहे, आणि तीही याच परिसरात चांगली दिसते. आरोंद्यापासून जवळच असलेल्या आरवलीचे जयवंत दळवी ‘ललित’ मासिकात ‘ठणठणपाळ’ या नावाने साहित्यिकांची फिरकी घेत आणि स्वतःच्या नावावर ‘चक्र’सारखी (१९६३) झोपडपट्टीतल्या जगण्याची अंगावर येणारी कादंबरी लिहीत. हशा ठणठणपाळाच्या वाट्याला गेल्यामुळे दळवींना ‘संध्याछाया’तल्या एकाकी वृद्धांकडे वळताना वाचकाची परवानगी मागावी लागली नाही. चिं. त्र्यं. खानोलकर यांनी कविता ‘आरती प्रभू’ या नावाने लिहिली आणि कादंबऱ्या-नाटके मूळ नावाने. त्यांच्या आधी राम गणेश गडकरी यांनी तर तीन वाटा केल्या होत्या: नाटके स्वतःच्या नावाने, कविता ‘गोविंदाग्रज’ म्हणून, विनोद ‘बाळकराम’ म्हणून. टोपणनाव लपण्यासाठी असते, ही समजूत येथे अपुरी पडते. वाचकाच्या अपेक्षेला वेगवेगळे दरवाजे करून देणे, हे त्याचे काम होते.

दशावतारातही आता नावाचा भार वाढतो आहे. वेगवेगळ्या मंडळ्यांतील नामवंत नट एका रात्रीपुरते एकत्र आणून ‘संयुक्त दशावतार’ लावले जातात, आणि त्यांच्या जाहिरातीत आख्यानाच्या नावाइतकीच ठळक असते ती राजा कोण, खलनायक कोण, स्त्रीपार्ट कोण ही यादी. पारंपरिक मंडळीत एकमेकांच्या सवयी ठाऊक असलेले नट संवाद फुलवत असत. येथे दोन प्रसिद्ध नावांची जुगलबंदी ऐकायला गर्दी होते आणि कथेला त्यांच्या सोयीने वळवले जाते. रंगमंचावर चमत्कार दाखवणाऱ्या ‘ट्रिकसीन’च्या नाटकांनी यंत्रांचे आकर्षण आणले, तसेच संयुक्त दशावताराने व्यक्तीचे आणले. त्यातून उत्तम संवाद निर्माण होतात हे खरे, पण ज्या नटाने एक रात्र ऋषिपार्ट करून पाहिला असता, त्याला आता जाहिरातीवरच्या नावाला जपावे लागते.

याच्या उलट घडते ते महिला दशावतार मंडळांत. सिंधुदुर्गात अशी मंडळे उभी राहिली आहेत आणि त्यांत राजपार्ट बायका करतात. ज्या मांडावर पिढ्यान्‌पिढ्या पुरुष लुगडे नेसून द्रौपदी झाले, तेथे एखादी गृहिणी मिशी लावून, किरीट चढवून, बाकड्यावर राजाच्या ऐटीत बसते. आणि समोर बसलेल्यांना ठाऊक असते की तिने तलवार उचलली, की पायपेटीचा सूर चढेल आणि राजा बोलू लागेल.