धुऱ्यावरचा दिवस

सकाळी ६. रिसोड तालुक्यातल्या केनवडच्या शिवारात भाद्रपदात सोयाबीन शेंगांवर आलेलं असतं. माझं काम मात्र पिकात नाही, धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर: तिथल्या रानवनस्पतींचे नमुने गोळा करायचे. खुरपं, कात्री, नोंदवही, क्रमांकाच्या चिठ्ठ्या आणि जुनी वर्तमानपत्रं घातलेली, नमुने दाबायची लाकडी दाबपट्टी घेऊन निघतो.

७ ते ११. आधी केना, कारण ऊन चढलं की त्याची निळी फुलं मिटतात. मग बाभळीवर चढलेली कळलावी. पानांच्या टोकांचेच ताणे झालेले, पाकळ्या लहरी, बुडाशी पिवळ्या, वर लाल. वाळल्यावर हे रंग राहत नाहीत, म्हणून जागेवरच लिहून घ्यायचे. वेल एकटीच असेल तर फुलापानांची फांदी तेवढी घ्यायची. कंदाला हात लावायचा नाही.

निंदणाला आलेली आजी विचारते, "काऊन जी, हे तन कशाले नेता?" सांगितलं की तीच शिकवू लागते: कुंजऱ्याची भाजी, चिवळ, पहिल्या पावसातला कोवळा तरोटा. तिनं सांगितलेली नावं आणि उपयोग नोंदवहीत जातात. हे ज्ञान नमुन्याइतकंच मोलाचं आहे.

१२. भाकरी खाण्याआधी नमुने दाबायचे. एखादं पान उलटं ठेवायचं, म्हणजे मागची बाजूही पुढे तपासता येते.

३. ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी चराईच्या जमिनीवर मारवेल आणि कुसळी. गवत मुळासकट काढायचं. लांब असेल तर कागदात बसेल असं दुमडायचं.

परतताना एक धुरा तणनाशकानं पिवळा पडलेला दिसतो. मजूर मिळत नाहीत, शेतकऱ्याची अडचण खरी आहे. तरी जीव तुटतो. पिकाला जागा देऊन उरलेलं रान याच दोन हात पट्टीत टिकून होतं.

रात्री ८. भिंग आणि ग्रंथ. कुकचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा, म्हणजे तिथल्या वनस्पतींची वर्णनासह यादी, १९०१ ते १९०८ मध्ये निघाला, पण आपलं वऱ्हाड त्या इलाख्यात नव्हतंच. आपल्या भागासाठी कांबळे आणि प्रधान यांचा १९८८चा अकोला जिल्ह्याचा फ्लोरा उघडायचा. रिसोड ज्यात येतं तो वाशीम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला तो नंतर, १९९८ साली. त्या यादीतलं काय आज या धुऱ्यांवर उभं आहे, हे तपासायचं तर तारीख-ठिकाण लिहिलेला वाळका नमुनाच हवा. नुसत्या आठवणीवर पुढचा अभ्यासक विसंबू शकत नाही.

झोपण्याआधी ओले कागद बदलायचे. पावसाळी हवेत एक दिवस जरी टाळलं तरी बुरशी धरते.