गोळा भिंतीतून गेला कसा?

मी मारतहळ्ळीहून बोलतोय. इथे दर दुसऱ्या घरात संगणकाचं काम करणारं कुणीतरी असतं. मी मात्र तोफखान्यातून निवृत्त झालेला आणि साठीनंतर पायथन शिकायला बसलेला माणूस. आज बोलूया, गेममधली चूक शोधायची कशी यावर.

सुट्टीत नात आली होती. तिने किल्ल्याचं चित्र काढलं, मी पायगेम वापरून तोफ बसवली. तोफ उडवायची, भिंत पाडायची, एवढाच खेळ. पण दहापैकी चार-पाच गोळे भिंतीतून आरपार जायचे! नात म्हणाली, "आजोबा, तुमची भिंत भुताची आहे."

मी काय केलं? गोळ्याचा वेग निम्मा केला. चूक गेली. नात म्हणाली, "आता तोफ नाही वाटत, कुणीतरी चेंडू टाकल्यासारखं वाटतं." वर तिच्या आईच्या जुन्या लॅपटॉपवर तीच चूक पुन्हा हजर. म्हणजे मी रोग बरा केला नव्हता, फक्त लक्षण झाकलं होतं. रविवारी ती परत जाणार होती.

मग देवळालीला शिकलेलं आठवलं. पहिला गोळा लक्ष्याच्या पलीकडे पडला, तर दुसरा मुद्दाम अलीकडे टाकायचा. लक्ष्य त्या दोहोंच्या मध्ये अडकलं, की अंतर अर्धं-अर्धं करत जायचं. याला ब्रॅकेटिंग म्हणतात. चूकही अशीच अडकवता येते.

प्रोग्रामच्या मधोमध एक प्रिंट लिहिलं. गोळा सुटतोय, वेगही बरोबर; म्हणजे आधीचा अर्धा भाग निर्दोष. मग उरलेल्या भागात, भिंतीची तपासणी होते तिथे, गोळ्याची जागा छापली. आकडे आले 588 आणि लगेच 618. भिंत होती 600 ते 612!

आता हिशोब बघा. खेळ सेकंदाला 60 चित्रं, म्हणजे फ्रेम, दाखवतो. गोळ्याचा वेग सेकंदाला 1800 पिक्सेल. म्हणजे दर फ्रेमला 30 पिक्सेलची उडी. भिंत 12 पिक्सेल जाड, गोळा 4. तपासणी फक्त उडीच्या आधी आणि नंतर होते. मधल्या प्रवासात कुणी पाहतच नाही. भिंतीजवळ उडी नेमकी कुठे पडते त्यावर गोळा कधी लागतो, कधी निसटतो.

वेग निम्मा केल्यावर उडी 15 झाली, म्हणून गोळा अडला. पण जुना लॅपटॉप सेकंदाला 30च फ्रेम काढत होता. तिथे उडी पुन्हा 30.

खरा उपाय सोपा निघाला. वेग पूर्वीचाच ठेवला, पण प्रत्येक उडीचे 5 पिक्सेलचे तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्यानंतर तपासणी. 588, 593, 598... आणि गोळा भिंतीला लागला.

तुम्हीही तीन गोष्टी पाळा. एका वेळी एकच बदल करा. केलेला बदल वहीत लिहा. आणि चूक नाहीशी झाली तरी ती का गेली हे सांगता येईपर्यंत उठू नका.

शनिवारी रात्री नातीने वीस गोळे डागले. वीसही लागले. विसाव्यानंतर ती म्हणाली, "आजोबा, आता भिंत परत बांधायचं बटण द्या."

ते पुढच्या भागात. जय हिंद.