शेतातलं औषध परसबागेत नको



यंदा आपल्या गटांतल्या बऱ्याच तायांनी परसबाग लावली आहे. वांगी, टोमॅटो, मेथी, पालक, वाल घराजवळच पिकतंय. बाजाराचा खर्च वाचतो, लेकरांच्या ताटात हिरवी भाजी येते. पण बैठकांमध्ये एक गोष्ट वारंवार कानावर येते : "वालावर मावा पडला होता, मग ह्यांनी कपाशीचं उरलेलं औषध त्यावर मारून दिलं." आजचा लेख या उरलेल्या औषधाबद्दल आहे.

आपण त्याला औषध म्हणतो, पण ते विष आहे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. तेच विष आपण चुलीपासून दहा पावलांवर का आणायचं?

उरलेलं औषध का चालत नाही?

प्रत्येक कीटकनाशकाला ठरावीक पिकांसाठीच मान्यता असते. मोनोक्रोटोफॉसचंच बघा. भाजीपाल्यावर ते वापरायला 2005 पासून बंदी आली, पण कपाशीसाठी ते दुकानात मिळत राहिलं. म्हणजे कपाशीला चालतं ते भाजीला चालेलच असं नाही.

दुसरं कारण दिवसांचं. फवारल्यावर किती दिवस पीक तोडायचं नाही, हे डब्यासोबतच्या माहितीपत्रकात पिकानुसार दिलेलं असतं. परसबागेत तर आपण संध्याकाळी फवारतो आणि सकाळी भाजी तोडतो. धुतली की झालं, असंही नाही. काही औषधं आंतरप्रवाही असतात, म्हणजे झाडाच्या आत भिनतात. ती पाण्याने निघत नाहीत.

डब्यावरचा रंग ओळखा

लिहिता-वाचता येत नसलं तरी रंग कळतो. डब्यावरच्या चौकोनात खालचा त्रिकोण रंगीत असतो.

- लाल : सर्वात जहाल विष. यावर कवटीचं चित्रही असतं.
- पिवळा : जहाल विष.
- निळा : मध्यम विषारी.
- हिरवा : त्या मानाने कमी विषारी, पण निर्धोक नाही.

लाल आणि पिवळा त्रिकोण परसबागेत येऊच द्यायचा नाही.

आधी हे करून बघा

परसबाग लहान असते, हा आपला फायदा. सकाळी पाणी घालताना पानं उलटून बघा. अळ्या, अंडी दिसली तर वेचून साबणाच्या पाण्यात टाका. मावा जास्त असलेला शेंडा खुडून टाका. पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे लावा.

तरीही कीड हटली नाही तर निंबोळी अर्क फवारा. 10 लिटर फवाऱ्यासाठी अर्धा किलो वाळलेल्या निंबोळ्या जाडसर कुटून रात्रभर पाण्यात भिजवा. सकाळी फडक्याने गाळा, 20 ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून घाला आणि एकूण 10 लिटर पाणी करा. अर्क त्याच दिवशी संपवा. फवारणी ऊन उतरल्यावर करा.

एक मात्र लक्षात ठेवा, घरगुती म्हणजे बिनधोक नव्हे. तंबाखूचं पाणीही विषारीच असतं, ते भाजीवर मारू नका.

औषध वापरावंच लागलं तर

- कृषी सखी किंवा कृषी सहायकांना विचारून, त्या भाजीसाठी मान्यता असलेलंच घ्या. माप माहितीपत्रकाप्रमाणे, अंदाजाने नाही.
- हातमोजे, तोंडाला मास्क, अंगभर कपडे घाला. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नका.
- गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी औषध कालवू नये, फवारू नये. लेकरं, कोंबड्या, शेळ्या लांब ठेवा.
- फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका. ते वेगळे धुवा, आणि ते धुतानाही हातमोजे घाला.
- औषध पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत कधीच ओतून ठेवू नका. मूळ डब्यातच, कुलपात ठेवा. रिकामा डबा तेला-मिठाला वापरू नका.

विषबाधा झाली तर

डोकं दुखणं, चक्कर, मळमळ, खूप घाम, तोंडाला लाळ, धूसर दिसणं ही लक्षणं दिसली की काम लगेच थांबवा. माणसाला मोकळ्या हवेत न्या, कपडे बदला, अंग साबणाने धुवा. डोळ्यात गेलं असेल तर 15 मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवा. पोटात गेलं असेल तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, दूध-तूपही देऊ नका. 108 ला फोन करा. औषधाचा डबा किंवा त्यावरचा कागद दवाखान्यात सोबत न्या, कारण कोणतं विष आहे ते कळलं की डॉक्टरांना नेमका उपचार करता येतो.

पुढच्या बैठकीसाठी

घरात किती डबे आहेत, कोणत्या रंगाचे आहेत आणि लेकरांचा हात तिथे पोचतो का, एवढं प्रत्येकीने बघून या आणि बैठकीत सांगा. जून-जुलैमध्ये कडुनिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो. या वेळी गटाने मिळून त्या वेचू, धुऊन सावलीत वाळवू आणि पोत्यात भरून ठेवू. वर्षभर सगळ्यांच्या परसबागेला पुरतील, आणि उरलेल्या औषधाकडे कुणाचा हात जाणार नाही.